वाढलेला ब्रेक

ह्या गोष्टीत दोष कुणाचा, ते आधीच सांगितलेलं बरं. म्हणजे शेवटी कुणी नशिबाकडे बोट दाखवायला नको. दोष गावच्या कारभाऱ्याचा होता. गाडीचा नव्हता, घाटाचा नव्हता, मिस्त्रीचा तर नव्हताच.

खूप वर्षांपूर्वी, किती ते विचारू नका, एका डोंगरमाथ्यावर एक गाव होतं. रस्ता पायथ्यालाच संपायचा. तिथून वर दगड, एक ओढा आणि अकरा वळणं. त्या वाटेला बैल दमायचे, पण एक जुनी पिकअप चढायची. चारही चाकांना जोर असलेली, मागे उघडा हौदा, पुढे दोघांपुरती जागा. गावाचं धान्य तीच खाली न्यायची, मीठ-तेल तीच वर आणायची, अडलेली बाई तीच वैद्याच्या दारात पोचवायची.

गाडी कारभाऱ्याची आणि चालवायचा त्याचा मुलगा. मुलगा बोलायला कमी आणि कामाला वाघ. ओढा ओलांडून आला की गाडीखाली शिरून चिखल खरवडायचा, ग्रीस भरायचा, इंजिनचं तेल बोटावर घेऊन हुंगायचा. फक्त एक गोष्ट त्याला करता यायची नाही. गाडीचं काय बिघडलंय ते तोंडाने सांगता यायचं नाही.

तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. इथवर ठीक आहे. बांगडीवर कुणी घाट उतरत नाही. पण कारभाऱ्याने हाच नियम गाडीला लावला. गाडी म्हणजे घरची लक्ष्मी, तिच्याबद्दल वाईट शब्द काढायचा नाही. काच तडकली, म्हणायचं काच वाढली. टायर फुटला, टायर वाढला.

हौद्यात बसणारी एक म्हातारी होती, तिला हे भारी वाटायचं. एकदा चढावर डिझेल संपलं आणि सगळ्यांना उतरून धक्का मारावा लागला, तेव्हा ती म्हणाली, "कारभारी, डिझेलपण वाढलं वाटतं. एवढं वाढलं तर टाकीबाहेर सांडायला पाहिजे होतं."

सगळे हसले. कारभारी हसला नाही. "जीभ आवर," म्हणाला. आणि गावाने जीभ आवरली. वयाने मोठा माणूस चुकतो तेव्हा जीभ आवरायची, ही त्या गावाची जुनी खोड.

मग एका हंगामात गाडीचा ब्रेक धरेनासा झाला. पेडल दाबलं की पाय खाली, आणखी खाली, आणि गाडी आपली चाललेलीच. मुलगा गिअरवर आणि देवावर गाडी उतरवायचा. एक दिवस त्याने ती अंगणात लावली, चाकांखाली धोंडे दिले आणि मिस्त्री शोधायला पायी खाली गेला.

पहिल्या बाजारातला मिस्त्री गाडीचं वय ऐकूनच म्हणाला, "तिला आता हळद-कुंकू वाहा आणि कोंबड्या बसवा तिच्यात." दुसऱ्या बाजारातल्याने न बघताच छातीठोक सांगितलं की इंजिन बदलायला लागेल. तिसरा मिस्त्री मात्र हातातला पाना खाली ठेवून बोलला.

"गाडी काय म्हणते?" त्याने विचारलं.

असं मुलाला आजवर कुणी विचारलं नव्हतं. बाप तिथे नव्हता. सांगून टाकायचं होतं. पण वीस वर्षं वळवलेली जीभ एका दिवसात सरळ होत नाही. "वर येऊन बघाल का?" एवढंच तो म्हणाला. मनात म्हणाला, पेडलवर पाय ठेवला की कळेलच त्याला.

मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन अकरा वळणं चढून आला. कारभारी ओट्यावर बसला होता. मिस्त्रीने दार उघडून सीटवर बसायला पाय उचलला, तोच कारभारी म्हणाला, "तिथे नको. तिथे घरचाच माणूस बसतो. जागा पुजलेली आहे."

बघा हा न्याय. गाडीखाली उताणं पडून तोंडावर काळं तेल घ्यायला परका माणूस चालत होता. सीटवर बसायला चालत नव्हता.

मिस्त्रीने पाय मागे घेतला. "बरं. मग तुम्हीच सांगा, काय त्रास आहे?"

मुलाने तोंड उघडलं. ओट्यावरून खाकरल्याचा आवाज आला.

"ब्रेक वाढलाय," मुलगा म्हणाला.

मिस्त्री परमुलखातला. त्याच्याकडे वाढणं म्हणजे वाढणं. "वाढलाय म्हणजे? जास्त धरतोय? चाक जाम होतंय?"

मुलाने बापाकडे पाहिलं. एका शब्दाचं काम होतं.

"तो सांगतोय ना, वाढलाय," कारभारी म्हणाला. "तेवढं बघा."

"मग चाकं उघडतो. आत चाकाला घासून धरणारं लायनर किती उरलंय ते बघू दे."

"आज अमावास्या आहे. आज काही उघडायचं नाही. बाहेरून होतं ते करा."

मिस्त्री पिशवीतून पाना काढून खाली वाकला. मग गाडीखाली शिरला आणि चाकांच्या मागच्या भोकातून पाना घालून त्याने चारही चाकांचे ब्रेक ढिले केले. जास्त धरणाऱ्या ब्रेकला तेच औषध. निघताना त्याने मुलाला विचारलं, "आणखी काही सांगायचंय?"

मुलगा मान खाली घालून उभा राहिला. मिस्त्री जाणता आहे, त्याला समजलं असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. हौद्यात नाचणीची पोती भरली. मुलाने अंगणातच पेडल दाबून पाहिलं. पाय थेट तळाला टेकला.

"आबा, पाय खाली जातोय. कालच्यापेक्षा जास्त. आज नको नेऊ या."

"काम नवं आहे, बसेल हळूहळू. घाबरलास काय? मी बसतो शेजारी."

"घाबरायचा प्रश्न नाही, आबा."

"मग काढ गाडी. लोक बघतायत."

लोक बघत होतेच. नेहमी हौद्यात बसणारी ती म्हातारीसुद्धा दारात उभी राहून बघत होती. कुणी काही बोललं नाही.

चार वळणं मुलाने पहिल्या गिअरवर उतरवली. पाचव्या वळणावर मागची पोती पुढे सरकली, गिअर निसटला आणि गाडी सुटली. त्याने पेडल दाबलं, पुन्हा दाबलं, हँडब्रेक ओढला. काहीच लागेना. मग त्याने आयुष्यात पहिल्यांदा सरळ शब्द वापरला.

"आबा, ब्रेक गेलाय. उडी मारा."

आणि कारभारी काय म्हणाला ठाऊक आहे? उजव्या हाताला दरी, गाडी दगडांवरून उडतेय, आणि हा माणूस म्हणाला, "अरे, असं तोंडातून काढू नये."

मुलाने एका हाताने पलीकडचं दार उघडलं आणि बापाला करवंदीच्या जाळीत ढकलून दिलं. स्वतःला उडी मारायला पुढे रस्ताच उरला नाही; गाडी दरीत गेली.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री आला. कुणी बोलावलं नव्हतं. दरीत उतरून त्याने चाकं उघडली. लायनर झिजून नुसतं लोखंड उरलं होतं. वर येऊन तो कारभाऱ्यासमोर उभा राहिला.

"ब्रेक लागत नाही, एवढे तीन शब्द कुणी बोललं असतं, तर अर्ध्या दिवसाचं काम होतं," तो म्हणाला.

गाववाले म्हणाले, मिस्त्री, आत्ता नको, मोठ्या माणसाला असं बोलू नये. मिस्त्रीने पिशवी उचलली आणि तो डोंगर उतरला. पुन्हा त्या गावात कुठलाच मिस्त्री चढला नाही.

तात्पर्य एवढंच: बिघाडाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा, आणि ती मारू न देणारा कितीही मोठा असला तरी त्याचं ऐकू नका.

कारभाऱ्याचा मुलगा मेला. कारभाऱ्याला दुसरं मूल नव्हतं.