मान वळवलेला बैल

ज्या काळी राजे आपल्या दरबाऱ्यांपेक्षा परक्या पाहुण्यांच्या मताला अधिक जपत, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट आहे.

डोंगरांमधल्या एका राज्यातून परतणारा पाहुणा शिवणीच्या लाकडात कोरलेला वीतभर प्राणी आठवण म्हणून नेत असे. एका वर्षी राजाने ठरवले की, यापुढे पाहुण्यांना एकाच कारागिराच्या हातची वस्तू द्यावी आणि वेशीजवळच्या वडाखालची जागाही त्यालाच मिळावी. त्या जागेवर एक वृद्धा चाळीस वर्षे पटाशी चालवीत आली होती. निवड दुसऱ्याची झाली, तर तिला तेथून उठावे लागणार होते.

निवड करणारा पारखी मोठा नावाजलेला होता. प्राण्याच्या तोंडापासून शेपटीपर्यंत तो रेशमी दोरा धरी. दोऱ्याखाली अंग सरळ आले, तर वस्तू उत्तम. न आले, तर टाकाऊ. ही रीत त्याच्या आजोबांपासून चालत आली होती.

एका धनिक व्यापाऱ्याने आपल्या पदरच्या कारागिराने केलेला रंगीत, चकचकीत हत्ती पुढे ठेवला. दोरा सरळ उतरला. वृद्धेने बिनरंगी बैल ठेवला. त्याची मान डावीकडे वळलेली होती.

"आजी, तुमच्या बैलाला माशी चावली वाटतं," व्यापारी म्हणाला. दरबार हसला. पारख्याने बैल बाजूला सारला.

वृद्धा जागची हलली नाही. "पारखीबाबा, दोरा तुमचा सरळ आहे, लाकूड सरळ नव्हतं. एकदा बोटं फिरवून बघा, मग मी उठते."

पारखी खरोखरच मोठा होता, कारण त्याने ऐकले. डोळे मिटून त्याने बैलाच्या अंगावरून बोट फिरवले. ते खांद्याशी थांबले. तेथे लाकडात गाठ होती. वृद्धेने ती कापली नव्हती. तिचेच वशिंड केले होते. गाठीला वळसा घालून लाकडाच्या शिरा जिकडे गेल्या, तिकडेच तिने मान वळवली होती. त्या नाजूक मानेत एकही शीर तुटलेली नव्हती. धन्याची हाक ऐकून जिवंत बैल पाहतो, तसा तो पाहत होता.

मग पारख्याने हत्ती हाती घेतला. सोंडेच्या मुळाशी रंगाचा थर जाड लागला. तेथेही गाठ होती. ती आरपार कापून खळग्यात लाख भरली होती. त्याने अंगठ्याने हलकेच दाबले, आणि सोंड गळून त्याच्या तळहातावर पडली.

"महाराज, चूक माझी आहे," पारखी म्हणाला. "आजवर मी माझ्या दोऱ्याचेच कौतुक करीत आलो. या बाईंनी लाकूड वाचले आहे. याचे मोल करणे माझ्या आवाक्यात नाही; मी केवळ नमस्कार करू शकतो."

राजाने वडाखालची जागा वृद्धेकडेच ठेवली आणि असेच शंभर बैल मागितले. तिने नम्रपणे सांगितले की बैल शंभर होतील, पण असेच होणार नाहीत. लाकूड सांगेल तशी मान वळेल. राजाने ते मान्य केले. पारखी मात्र पुढे कित्येक वर्षे तिच्या शेजारी जाऊन बसे, आणि पटाशी लावण्यापूर्वी ती ओंडका कसा न्याहाळते, हे शिष्यासारखा पाहत असे.

तात्पर्य: उणीव झाकतो तो सामान्य कारागीर, उणिवेलाच रूप देतो तो थोर, आणि त्याला ओळखायचे, तर आपले माप क्षणभर बाजूला ठेवावे लागते.