आधीच दिलेला हुंकार

"मग यंत्र खोटं बोललं का, बाई?"

इनामदारबाई जुन्या कॅसेटच्या डब्या फडक्यानं पुसत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "नाही."

"पण पडद्यावर 'झालं' असं आलं होतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"आलं असेल."

"आणि झालं तर नव्हतंच."

"होण्याआधीच 'झालं' म्हण, असं तूच त्याला सांगून ठेवलं होतंस ना?"

अभिनंदन शिरगुप्पेनं एक डबी उचलली आणि होती तिथंच परत ठेवली.

बाईंनी जन्मभर मुलांना कॉम्प्युटर शिकवला आणि निवृत्तीनंतर मिरजेत दोन खोल्या घेऊन ओव्या-गाणी सांगणाऱ्यांचे आवाज साठवायला घेतले. अभिनंदन त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. हे त्याला ठाऊक होतं, आणि इतरांना ठाऊक नसलं तर तो ते ठाऊक करून द्यायचा.

बाईंच्या एका मोठ्या यंत्राच्या पोटात त्यानं चार आभासी यंत्रं उभी केली. एक आवाजांसाठी, एक फोटोंसाठी, बाकी किरकोळ कामांना. सगळं छान झालं, फक्त कॉपी करायला घेतलं की काम बैलगाडीच्या चालीनं चालायचं. तेव्हा त्यानं डिस्कच्या कॅशचं सेटिंग बदललं. आधी आवाज डिस्कवर उतरला की मगच यंत्र 'झालं' म्हणायचं. आता ते आवाज नुसता मेमरीत धरायचं, लगेच 'झालं' म्हणायचं आणि डिस्कवर सवडीनं उतरवायचं. सेटिंगच्या शेजारीच इशारा होता, की वीज गेली तर माहिती जाईल. त्यानं तो वाचला होता.

काम वाऱ्यासारखं धावू लागलं. अभिनंदनची कॉलर ताठ झाली.

मग म्हाकूआबांची शेवटची बैठक झाली. म्हाकूआबा धनगरी ओव्या सांगणारे, थकलेले, पण आवाजात अजून धार होती. त्या दिवशी त्यांनी त्यांच्या घराण्याची ओवी सांगितली. ती त्यांनी आजवर बाहेर कुठं सांगितली नव्हती. रेकॉर्डरचं कार्ड यंत्राला लावलं, पडद्यावर 'झालं' आलं. अभिनंदननं तिथल्या तिथं कार्ड पुसलं आणि संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी पुन्हा रेकॉर्डरमध्ये घातलं. तेवढ्यात वीज गेली. यंत्राच्या बॅकअप बॅटरीनंही मान टाकली. यंत्र पुन्हा उभं राहिलं तेव्हा त्यात आबांची ओवी नव्हती, आणि हे कळेपर्यंत कार्डावर दुसरंच काही चढलं होतं.

त्या संध्याकाळचं प्रमुख पाहुण्यांचं भाषण मात्र टाळ्यांसकट शाबूत आहे.

आबा मार्गशीर्षात गेले. त्यांची मुलगी बयाक्का तेव्हा मेंढरं घेऊन लांब होती. आज ती बापाची ओवी ऐकायला येणार होती. तिला अजून काही सांगितलेलं नव्हतं.

"सेटिंग परत बदललंय, बाई," अभिनंदन म्हणाला. "आता डिस्कवर उतरल्याशिवाय 'झालं' म्हणणार नाही."

"हळू चालत असेल."

"फारच हळू."

"चालू दे."

"सगळेच जण वेगासाठी असं ठेवतात, बाई. वीज गेली नसती तर…"

"मिरजेत राहतोस ना रे तू?"

तो हसला नाही. बाईही हसल्या नाहीत. बाहेर फाटक वाजल्यासारखं झालं. दोघांनी तिकडं पाहिलं. कुणी नव्हतं.

"घाई कुणाला होती?" बाईंनी विचारलं.

"…मला."

बाईंनी पुढची डबी उचलली. "आमच्या गल्लीत एक कासार यायचा," त्या म्हणाल्या.

"हूं."

अभिनंदननं मोबाइल काढला. बयाक्काचा फोन येऊन गेला का, ते तो पाहत होता.

"हिरव्या बांगड्या आणायचा. माझा हात फार कडक, भरता भरता त्याच्या नाकी नऊ यायचे."

"हूं."

"एकदा तो ओट्यावर बसला, पाणी मागितलं."

"हूं."

"मग मी त्याला गिळून टाकला."

"हूं."

बाई थांबल्या.

अभिनंदननं वर पाहिलं. काय झालं ते त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग त्याचे कान तापले. बाई पुन्हा डब्या पुसू लागल्या होत्या.

तेवढ्यात बयाक्का आली. पन्नाशीची, उन्हानं रापलेली बाई. चपला दाराबाहेर काढून ती भिंतीशी टेकून बसली. पदरात बांधून आणलेल्या शेंगा तिनं बाईंपुढं ठेवल्या.

"लावा आता," ती म्हणाली. "आबाचा आवाज ऐकूनच पानी पिते."

बाईंनी अभिनंदनकडं पाहिलं.

"आक्का, ती ओवी राहिली नाही," अभिनंदन म्हणाला. "यंत्रातनं गेली. माझ्यामुळं गेली."

बयाक्काला पहिल्यांदा ते समजलंच नाही. मग समजलं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं…

"आनि दुसरीकडं कुठं?"

"कुठंच नाही."

त्याला वाटलं, ही आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ऱ्हाऊ दे," बयाक्का म्हणाली. "मिशिनीचं काय घिऊन बसलास? तू तर हुतास की म्होरं."

"मी?"

"आबानं त्याच दिशी मला फोन केलता. लई खुशीत हुता. म्हनला, बये, आपली ओवी सांगून आलो. त्या पोरानं समदी ऐकली. हुंकार कुटं चुकीवला न्हाई."

अभिनंदननं हातातला मोबाइल खाली ठेवला.

आबांचा नियम होता. सांगणारा दम घ्यायला थांबला की ऐकणाऱ्यानं हूं म्हणायचं. हूं आला नाही, तर सांगणाऱ्यानं पुढं जायचं नाही. अभिनंदन त्या दिवशी आबांच्या पुढ्यातच बसला होता, मांडीवर लॅपटॉप घेऊन. वेगाचे आकडे पाहत होता. आबा थांबले की तो हूं म्हणायचा. एकदाही चुकला नव्हता.

"हुंकार देनारा असला की गोष्ट मरत न्हाई, असं म्हनायचा आबा," बयाक्का म्हणाली. "तर तूच सांग. जशी येईल तशी सांग. मला चाल ठावं हाय, मी सावरून घेते."

ती सरसावून बसली. तोंडावर पदर घेऊन, लहान पोर बसावं तशी.

अभिनंदननं आठवून पाहिलं. आबांचा हात हवेत फिरत होता, ते आठवलं. घोंगडीचा वास आठवला. फाइल केवढी झाली होती, तेही आठवलं. शब्द एकही नव्हता.

त्यानं मान खाली घातली. त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

बयाक्का त्याच्याकडं पाहत राहिली. तिलाही कळलं.

"आबाला बरं वाटलं त्येवढं," ती हळूच म्हणाली. "जाताना बरं वाटलं."



मग बयाक्कानं गळा साफ केला. "मला निस्ती सुरवात येती. ल्हानपनी पाळन्यात म्हनायचा. म्होरचं मोठी झालीस की सांगतो म्हनायचा, आनि ते ऱ्हाऊनच गेलं. जेवडी येती तेवडी सांगते. ऐक."

ती बापाच्या चालीवर सांगू लागली. माळ होता, एकली मेंढी होती, तिच्या मागं निघालेला एक पोर होता. दोन ओळी झाल्या आणि ती दम घ्यायला थांबली.

अभिनंदनचे ओठ सवयीनं हलले. त्यानं ते मिटून घेतले.

हूं आला नाही.

बयाक्का थांबूनच राहिली. तिनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा बाईंकडं.

"ऐकतोय न्हवं ह्यो?"

बाईंनी फडकं बाजूला ठेवलं.

"थांबा जरा, बयाक्का. अजून उतरलं नाही त्याच्यात."