कचेरीची काळी तुळई

मंडळी, जरा वर पाहा. पिंपळदऱ्याच्या या जुन्या कचेरीचं सगळं लाकूड उजळ आहे, मधली तुळई तेवढी काळी. तो चुलीचा धूर आहे. न्यायाच्या कचेरीत चूल कुठून आली, असं पाहुणे हमखास विचारतात.

असं सांगतात, की फार पूर्वी ही इमारत पडायला आली होती. दुरुस्तीचं लाकूड गावानं द्यावं, नाहीतर कचेरी शेजारच्या गावी हलवू, असं सरकारनं कळवलं. घरोघर वर्गणी झाली आणि तुळईसाठी एक मोठा साग आला. दुसरा आणायची ऐपत गावात उरली नव्हती.

कोंडाजी सुतार गावचा जुना कारागीर, आणि भिवा त्याच्याच हाताखाली शिकलेला. पण पंचांनी आराखडा पसंत केला भिवाचा, आणि मानाचा नारळही त्यालाच दिला. कोंडाजीचा जळफळाट झाला. शिकवलं कुणी आणि नारळ कुणाला! भिवानं दालन मोजून घेतलं, त्यानंतर म्हणे कोंडाजीनं त्याचा मापाचा गज गुपचूप उचलला, टोकाला बोटभर तासला आणि होता तिथं ठेवून दिला.

त्याच गजानं मोजून भिवानं साग कापला. तुळई वर चढवली, तर सहा गजांत सहा बोटं तोकडी! सारं गाव त्याच्यावर तुटून पडलं. त्यानं आपली हत्यारं कोंडाजीच्या पायाशी ठेवली.

"माप माझ्या हातचं, तात्या. चूक माझीच. आता ही तुमीच ठेवा."

कोंडाजीला हेच तर हवं होतं. पण ते मिळालं आणि त्याला सोसवेना. तो या दालनात साक्षीदाराच्या जागी जाऊन उभा राहिला.

"गज म्या तासला," तो म्हणाला. "पोराचा मान बघवंना मला."

मग त्यानं स्वतःच्या घराचं सागवानी आढं उतरवलं. तेच हे. त्याचं घर उघडं पडलं, कचेरी मात्र गावात राहिली.

आजही इथले सुतार नवं काम धरण्याआधी या तुळईखाली येतात आणि आपापले गज एकमेकांना लावून पाहतात. आधी नारळ फुटतो, आणि तो मान भिवाच्या घराण्याचा. मी कोंडाजीचा खापरपणतू. घर आमचं मोडलं, नारळ त्यांचा! चूक आमच्या म्हाताऱ्याची होती, हे मला कळत नाही का? चांगलं कळतं. तरी त्यांच्याकडून प्रसाद आला, की साखर तेवढी तोंडात टाकतो. खोबरं आजवर माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.