उंबऱ्याबाहेरची घागर

कोण्या एका गावात एक विणकर आणि त्याची बायको राहत होती. त्या गावाची एक जुनी रीत होती. घरात कुणी अंथरुणाला खिळलं, की त्याची सेवा करणाऱ्याने उंबऱ्याबाहेर रिकामी घागर ठेवायची. घागर दिसली की शेजारी ती भरून देत आणि आळीपाळीने आजाऱ्यापाशी बसत. तेवढ्यात सेवा करणाऱ्याने जरा पाठ टेकायची.

विणकराच्या बायकोचं एक अंग लुळं पडलं. तिला उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, सगळं तोच करी. माग बंद पडला, पण घागर काही बाहेर आली नाही.

"अहो, ठेवा ना घागर," बायको म्हणायची.

"ती सेवेकऱ्याने ठेवायची. मी तुझा नवरा आहे. आपल्या माणसाचं करायला कुणी मदत मागतं का?"

शेजारी येता-जाता बघत. "नवरा असावा तर असा!" म्हणत आणि पुढे जात. कौतुकाने अंगावर मूठभर मांस चढतं म्हणतात. विणकराचं होतं तेही झडत चाललं होतं. छातीत कळ यायची, ती तो अंगावर काढायचा.

बायकोच्या जिवाची घालमेल होई. एकदा तिने अंथरुणावरूनच खिडकीतून शेजारणीला हाक मारली. "यांना जरा बसू द्या हो!"

"घागर तर कुठे दिसत नाही," शेजारीण म्हणाली. "उगाच कसं यायचं? त्यांना वाईट वाटेल."

एका सकाळी बायकोला कुशीवर वळवता वळवता विणकर खाली कोसळला. तिचा हात त्याच्यापर्यंत पोचेना. ती ओरडत राहिली. शेजारी धावून आले तोवर सगळं संपलं होतं.

घर माणसांनी भरलं. एक म्हातारा शेजारी डोळे पुसत म्हणाला, "पोरी, त्याने एकदा घागर ठेवली असती, तर आम्ही सगळे आलो असतो गं."

"त्यांना वाटायचं, घागर ठेवली तर माझं ओझं झालं असं होईल," ती म्हणाली. "ते चुकले. पण बाबा, तुम्हाला तर डोळे होते ना?"



विणकराला न्यायची वेळ झाली. चार जण पुढे झाले, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "हळू उचला. फार दमलेत ते."

तात्पर्य: आपल्या माणसाची सेवा करणाऱ्याने 'मी सेवा करतो, मी दमतो' हे सांगायला लाजू नये, आणि ज्यांना ते दिसतं, त्यांनी त्याच्या सांगण्याची वाट बघू नये.