चांगुणाच्या हिरव्या शेंगा

जिथे नदी समुद्राला भेटायला जाते, त्या खाडीकाठी चांगुणा आपल्या आईबरोबर राहायची. त्यांचं चिमुकलं भातशेत मातीच्या बांधाआड होतं. पण हल्ली समुद्र भारीच आगाऊ झाला होता! उधाण आलं की बांध फोडून खारं पाणी शेतात शिरायचं आणि हिरवीगार रोपं पिवळी पडायची.

"यंदाही शेत गेलं, तर गाव सोडायला लागंल गो पोरी," आई म्हणाली. चांगुणाला रडूच कोसळलं.

डोळे पुसून ती कोयता घेऊन खाडीत लाकडं तोडायला उतरली. सगळं गाव तिथलीच खारफुटीची झाडं चुलीत घालायचं. आता उरली होती एवढीशीच. तेवढ्यात चिखलात काहीतरी चमचमलं. बोटाएवढी परी! तिचे मोरपंखी पंख चिखलात रुतले होते. चांगुणाने आपल्या तांब्यातलं पिण्याचं पाणी ओतून ते अलगद धुतले.

"एक इच्छा माग," परी किणकिणली. "पण नियम आहे हं! तुझ्या दारातून मी जे घालवीन, ते दुसऱ्याच्या दारात जाऊन उभं राहील."

'समुद्राला मागे ने' असं चांगुणा म्हणणारच होती. पण पलीकडच्या काठावर बायजामावशीच्या चुलीचा धूर दिसला. मावशीचंही शेत असंच बांधाआड होतं.

"नको गो. समुद्र राहू दे तिथंच. आमचा बांध तेवढा टिकू दे."

परी खुदकन हसली. तिने पंख झटकताच झाडांवरून लांबलांब हिरव्या शेंगा टपटपल्या. "बांधापुढच्या चिखलात या रोवा. भराभर वाढवायचं काम माझं. मात्र कोयता लागला, की जादू संपली!"

"मग चुलीत काय घालू, माझं डोकं?" घरी हे सगळं ऐकून आई करवादली.

"झावळ्या हायत, करवंट्या हायत!" चांगुणा म्हणाली.

आईने कपाळाला हात लावला आणि मग पदर खोचला. तिच्यामागून कुरकुरत का होईना, सगळं गाव चिखलात उतरलं. अर्ध्या शेंगा चांगुणाने होडीतून मावशीकडे धाडल्या.

श्रावणातलं मोठं उधाण गरजत आलं. बांधापुढे आता चकचकीत पोपटी पानांचं रान उभं होतं. पाणी मुळांमध्ये अडखळलं, धडपडलं आणि बांधाशी पोचेपर्यंत पार दमलं. बांधाला नुसतं शिवून ते मुकाट्याने परतलं.

"वाचलो गो बाय!" आई मटकन खाली बसली. ती हसत होती आणि रडतही होती.

नव्या भाताचा पहिला घास चांगुणाने पानावर वाढून बांधावर ठेवला. भिरभिरत परी आली.

"खारट नाय ना?" चांगुणाने भीतभीत विचारलं.

परीने एक शीत उचललं, डोळे मिटून चावलं. "गोड आहे," ती म्हणाली आणि सोनेरी उजेडात विरून गेली.

उरलेला घास चांगुणाने तिथेच बसून खाल्ला. खरंच गोड होता.