कस्तुरीचा दाखला

“मग त्या एकीलाच का नाही मिळाला?”

आक्कांनी मधेच विचारलं. हेरवाडे गुरुजींचं बोलणं तर आत्ता कुठे रंगात आलं होतं.

धरणाच्या पाण्यावर धुकं उतरलं होतं. काठ कुठे संपतो आणि पाणी कुठून सुरू होतं, काही कळत नव्हतं. आक्कांचा मठ म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढे दगडी कट्टा. ज्या शाळेत त्यांनी तीस वर्षं शिकवलं ती याच पाण्याखाली गेलेली. हेरवाडे त्याच शाळेत त्यांच्या हाताखाली शिकले. आता ते स्वतः एका दोनशिक्षकी शाळेचे मुख्याध्यापक होते आणि काही अडलं की होडीत बसून इकडे यायचे.

अडलंय असं मात्र कधी म्हणायचे नाहीत. “सहज आलो,” म्हणायचे.

वर्षापूर्वी त्यांनी छडी सोडली. भिंतीवर तक्ता लावला. तेवीस मुलांची तेवीस नावं, आणि नीट वागेल त्याच्या नावापुढे चमकता स्टार. तक्त्याचा फोटो तालुक्याच्या प्रशिक्षणात पडद्यावर झळकला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

“वर्ग असा शांत झालाय आक्का, की भिंतीवरची पाल चुकचुकली तरी ऐकू येते.”

शांत वर्गाचं आपल्याकडे फार कौतुक. शांत तर स्मशानही असतं, पण त्याला अजून कुणी आदर्श पुरस्कार दिलेला नाही.

“त्या एकीचं सांगत होतास,” आक्का म्हणाल्या.

“कस्तुरी. चौथीत आहे. वर्ष झालं, तिची ओळ कोरीच.”

“काय केलं की मिळतो तुझा स्टार?”

“तास संपेपर्यंत गप्प बसायचं.”

“आणि ती?”

यावर गुरुजींना अडखळावं लागलं नाही. “ती शीळ घालते. पाखरासारखी, हुबेहूब. मधेच उठून खिडकीत जाते. फरशीवर खडूनं मेंढरं काढते. हाक मारली की भलतीकडेच बघते. दुसऱ्याच्या डब्यात...”

“तू बसशील?”

“कुठं?”

“इथंच. गप्प. ती होडी येतेय ना, ती काठाला लागेपर्यंत.”

गुरुजी हसले. हे काय अवघड! त्यांनी मांडी घातली, डोळे मिटले.

होडी दिसत नव्हतीच. धुक्यातून फक्त वल्ह्याचा आवाज येत होता. जवळ आल्यासारखा वाटे, पुन्हा लांब जाई. कुठेतरी घंटा वाजली. कुणाच्या गुराच्या गळ्यातली असेल... पण गुरुजींना वाटलं, ती खालून आली. पाण्याच्या तळाशी शाळा भरतेय. ओल्या केसांची पोरं ओळीत बसलीत, पाटीवर मासे फिरताहेत, आणि हजेरी घेणारा आवाज एकेक नाव पुकारत वर वर येतोय... आता आपलं नाव येणार...

“आक्का, तुम्हाला ऐकू आली का घंटा?”

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. होडीचा अजून पत्ता नव्हता.

आक्कांनी हात पुढे केला. “दे बघू तुझे ते स्टार.”

गुरुजींनी पिशवीतली चिकट स्टारची पट्टी दिली. आक्कांनी चाचपडत एक सोडवला आणि त्यांच्या सदऱ्यावर चिकटवला.

“पण मी बोललो की मधेच!”

“बोलायच्या आधी बसला होतास. चांगला बसला होतास. श्वाससुद्धा संथ झाला होता तुझा.”

बावन्न वर्षांच्या माणसाचे कान गरम झाले. घरी भिंतीवर जिल्ह्याचं मानपत्र होतं. ते घेतानाही असं झालं नव्हतं. स्टार काढून टाकावा असं त्यांच्या मनात आलं, पण हात काही वर गेला नाही.

“भालू,” आक्कांनी गुरुजींना शाळेतल्या नावानं हाक मारली, “ती किती वेळ बसते रे? शीळ घालायच्या आधी?”

“बघितलं नाही, आक्का.”

वल्ह्याचा आवाज थांबला होता.

“आणि आता बघून तरी काय?” गुरुजी एकदम तोडून बोलले. “उद्या तिचा बाप येतोय, दाखला न्यायला. पोरगी शाळेत रमत नाही, मेंढरांमागं येईल म्हणतो. एकदा कळपाबरोबर गेली की संपलं. परत शाळेचं तोंड बघायची नाही ती.”

त्यांनी पिशवीतून कागद काढला.

“सगळं लिहून झालंय. सही तेवढी राहिलीय. करू... की नको?”

हेच विचारायला ते आले होते.

“वाच,” आक्का म्हणाल्या. “मला आता अक्षर लागत नाही.”

“शाळा सोडल्याचा दाखला. कस्तुरी मायाप्पा पुजारी. इयत्ता चौथी. शाळा सोडण्याचं कारण, पालकांची इच्छा. प्रगती, समाधानकारक. वर्तणूक...”

गुरुजी थांबले.

“वाच की.”

“चांगली.”

“तसंच लिहितात, आक्का,” ते घाईघाईनं म्हणाले. “सगळ्यांच्याच दाखल्यावर लिहितात. जाणाऱ्या पोराचं वाईट कशाला करायचं? पुढं कुठं अडायला नको.”

“तिला माहीत आहे?”

“काय?”

“वर्तणूक चांगली आहे ते.”

“तिला कसं माहीत असेल? दाखला बापाच्या हातात पडणार. त्याला वाचता येत नाही. तो घडी घालून ट्रंकेत ठेवणार.”

आक्कांनी कागद मागून घेतला. ओळींवरून बोट फिरवलं. मग डोळ्यांच्या अगदी जवळ धरला, अंगणात नवीनच आलेल्या कुणाला तरी न्याहाळावं तसा. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

“भालू,” त्या म्हणाल्या, “पोरगी चांगली दिसतेय रे. हिला आपल्या शाळेत दाखल करून घे.”