पैलतीर गाठणारी काठी

माणसाच्या हाती गळ येण्याआधीची गोष्ट. डोंगरातल्या ओढ्याकाठी पाणमांजराचं गळाच्या काठ्यांचं दुकान होतं. थंडी तोंडावर आलेली, पिल्लं उपाशी, म्हणून अस्वलीण आपलं एकुलतं मधाचं पोळं घेऊन तिथे आली.

"ही लांब काठी घ्या, अस्वलबाई! एका फेकीत पैलतीर. मधाची तीन पोळी पडतील."

"आणि ती आखूड?"

"एक पोळं. पण पल्ला जेमतेम पाच हात."

लांब काठी मागून आलेल्या कोल्होबांनी उचलली. अस्वलीण मन मारून आखूड घेऊन निघाली.

पैलतीर गाठायला कोल्होबा थेट गुडघाभर पाण्यात शिरले, तसे काठालगतचे ट्राउट मासे सैरावैरा पळाले. ओढ्याच्या थोडं वरच्या अंगाला अस्वलिणीची काठी पलीकडे पोचेना. नाइलाजाने तिने गळाला आमिष म्हणून बांधलेली पिसांची खोटी माशी पायाजवळच्या खडकाआड सोडली, आणि काठी वाकली.

दिवस कलला तेव्हा तिची टोपली भरली होती, कोल्होबांची रिकामी. "मासे सगळे पलीकडे! याहून लांब काठी हवी होती," ते चडफडले.

अस्वलिणीने पलीकडे पाहिलं. तिथे साळिंदर गुडघाभर पाण्यात उभं होतं आणि तसल्याच लांब काठीने, सारं बळ एकवटून, गळ अलीकडे फेकत होतं.